उसनं वार्धक्य

चाहता : वय चोरणं ही हिंदी सिनेमातली जुनी रीत. पन्नाशीला टेकलेला नायक बगलेत वह्या मारून कॉलेजात जातो, बी.ए. पास झाला म्हणून आई त्याला पेढा भरवते, आणि ती आई त्याच्याहून दोन-चार वर्षांनी लहान असली तरी आपण चालवून घेतो. संजीवकुमारनंही वय चोरलं, पण उलट्या दिशेनं. हरिहर जेठालाल जरीवाला हे त्याचं खरं नाव, जन्म 9 जुलै 1938 चा. 22 व्या वर्षी आर्थर मिलरच्या ‘ऑल माय सन्स’च्या रूपांतरात तो म्हातारा होऊन रंगमंचावर आला. पुढच्याच वर्षी ए. के. हनगल यांनी बसवलेल्या ‘डमरू’त साठीचा, सहा पोरांचा बाप. ‘शोले’ लागला 15 ऑगस्ट 1975 ला. तेव्हा ठाकूर बलदेवसिंग 37 वर्षांचा होता! त्याआधी तीनच वर्षं, 1972 मध्ये, त्याच रमेश सिप्पींच्या ‘सीता और गीता’त तो हेमामालिनीचा नायक होता. ‘त्रिशूल’मध्ये तर तो शशी कपूरचा बाप आहे. शशी कपूर मार्च 1938 चा, म्हणजे मुलगा बापापेक्षा जवळजवळ चार महिन्यांनी थोरला. थिएटरात कुणाला हसू आलं नाही. याला मी अभिनय म्हणतो, आणि धाडसही.

शंकेखोर : मी याला जन्मतारखांचा हिशेब म्हणतो, आणि तोही तुम्ही अर्धाच मांडलात. ‘त्रिशूल’मध्ये अमिताभची आई कोण? वहिदा रहमान. तीही 1938 चीच. दोनच वर्षं आधी यश चोप्रांच्याच ‘कभी कभी’त ती अमिताभची बायको होती. त्याच ‘त्रिशूल’मध्ये अमिताभसोबत असलेली राखी चार वर्षांनी ‘शक्ती’त त्याची आई झाली, आणि ती त्याच्याहून लहान. मागे जायचं तर ‘मदर इंडिया’ घ्या. नर्गिस आणि सुनील दत्त दोघंही जून 1929 चे, काही दिवसांच्या अंतरानं जन्मलेले. पडद्यावर आई आणि मुलगा. या बायकांच्या बाबतीत कुणी ‘धाडस’ हा शब्द वापरला का? ‘आता तिला आईच्या भूमिका मिळतात’ एवढंच म्हटलं गेलं. पुरुषानं केस पांढरे केले की तो त्याग, बाईनं केले की ती तिची वेळ. तेव्हा धाडसाचा मुद्दा आधी बाजूला ठेवा.

आणि त्यागायला त्याच्याकडे होतं तरी काय? 1960 च्या ‘हम हिंदुस्तानी’त नगण्य काम. 1965 च्या ‘निशान’मध्ये नायक, पण तो कुणाला आठवतो? मग ‘अलिबाबा और चालीस चोर’, ‘स्मगलर’, ‘बादल’. तलवारी, पगड्या, घोडे. 1969 नंतर राजेश खन्नाची लाट आली आणि तिच्यात भलेभले वाहून गेले. ज्या माणसाची नायक म्हणून जागाच पक्की नव्हती, त्यानं बाजूची रिकामी खुर्ची पाहिली आणि तो तिच्यावर बसला. हुशारी म्हणा. त्याग कशाला?

चाहता : खुर्ची रिकामी नव्हती. नझीर हुसेन होते, ओमप्रकाश होते, इफ्तेखार होते, स्वतः हनगल होते. बापांची हिंदी सिनेमाला कधीच टंचाई नव्हती. आणि तुमचा काळाचा क्रम चुकतोय. 1968 च्या ‘संघर्ष’मध्ये तो दिलीपकुमारसमोर उभा राहिला आणि नजरेत भरला. ‘शिकार’साठी त्याच वर्षाचं सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. 1970 च्या ‘खिलौना’नं त्याला गर्दी खेचणारा नायक केलं. म्हणजे बापाच्या भूमिका सुरू झाल्या त्या नायकपद पक्कं झाल्यानंतर. 1972 हे एकच साल पाहा. ‘सीता और गीता’त नायक. ‘कोशिश’मध्ये जया भादुरीचा नवरा. आणि ‘परिचय’मध्ये त्याच जया भादुरीचा खंगत गेलेला गायक बाप, तोही लहानशा भूमिकेत, जिथे नायक जितेंद्र आहे. ज्याला आज हेमामालिनीबरोबर नाचायला बोलावतात, त्यानं उद्या जितेंद्रच्या सिनेमात खोकत मरायला जावं, याला दुसरं नाव द्या. मात्र बायकांबद्दल तुम्ही म्हणालात ते मला मान्य आहे. वहिदाला विचारलं गेलं नसावं. याला नकार देता आला असता, आणि यानं दिला नाही. फरक तिथे आहे.

शंकेखोर : बरं, नकार देता येत असताना दिला नाही. मान्य. मग आता त्या वार्धक्याकडेच पाहू. ‘नया दिन नई रात’, 1974. नऊ रस, नऊ माणसं, नऊही जणांत संजीवकुमार. मूळ तमिळ ‘नवरात्री’ शिवाजी गणेशन यांनी दहा वर्षं आधी करून ठेवला होता. आमच्या सिनेमावर बोलणाऱ्यांत ‘अष्टपैलू’ म्हटलं की पहिला दाखला याच सिनेमाचा. मला तो त्याच्या नावाजलेल्या सिनेमांत सर्वांत पोकळ वाटतो. दाढी, विग, कुबड, घोगरा आवाज. एक उतरवलं की दुसरं चढवायचं. मेकअपमनच्या कामाचं प्रदर्शन आहे ते. नट दिसतो तो दोन वेशांच्या मधल्या फटीत, आणि ती फट सिनेमा दाखवत नाही.

याचं मूळ रंगभूमीत आहे असं मला वाटतं. इप्टात, गुजराती नाटकांत तो तयार झाला. नाटकात म्हातारपण शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागतं. पाठ वाकवा, हात थरथरू द्या, वाक्य मधेच तोडा. कॅमेरा हातभर अंतरावर असतो, तिथे हेच सगळं हिशेबासारखं मोजता येतं. डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण घ्या. डिसेंबर 1970 मध्ये ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते 43 वर्षांचे होते. अप्पा बेलवलकरांचं वय त्यांनी अंगानं फार कमी आणि आवाजानं जास्त उभं केलं, आणि त्यांच्यामागे शिरवाडकरांची भाषा होती. संजीवकुमारच्या म्हाताऱ्यांमागे अशी भाषा कुठे होती? ‘बेटा’ आणि ‘बहू’ यांच्या मधल्या जागेत जे बसेल तेवढं.

(‘नया दिन नई रात’बद्दल शंकेखोराशी वाद घालणं अवघड आहे. ज्यांनी तो कळत्या वयात प्रथम पाहिला, त्यांना आठवतात ते बहुधा वेश. माणसं आठवायला प्रयत्न करावा लागतो.)

चाहता : तो सिनेमा तुम्हाला दिला. मीही तो पुन्हा पाहायला बसत नाही. पण ठाकूर सोडणार नाही. नटाकडे चेहऱ्यानंतर दुसरी भाषा कोणती? हातांची. तीच काढून घेतली. पूर्वायुष्याचा भाग सोडला तर संपूर्ण सिनेमाभर शाल, आणि शालीखाली बांधलेले हात. ज्या सिनेमात गब्बर दगडावर येरझारा घालतो, वीरू टाकीवर चढतो, बसंती श्वास न घेता बोलते, त्यात हा माणूस जवळजवळ हलत नाही. मान, जबडा आणि डोळे. जुना इन्स्पेक्टर बलदेवसिंग आणि आताचा ठाकूर यांत केसांच्या रंगाचा फरक आहेच, पण खरा फरक वेगाचा आहे. आधीचा घाईत आहे, आताचा घाई पुरवून वापरतो. तुम्ही म्हणता म्हातारपण अंगावर चढवलं. इथे तर अंगच काढून घेतलं होतं.

आणि तो प्रसंग आठवा, जिथे ठाकूर विधवा सुनेच्या वडिलांकडे तिच्या पुनर्विवाहाची गोष्ट काढायला जातो. सूडाच्या सिनेमाच्या पोटात दडलेला एवढासा प्रसंग. तिथे ठाकूर नाही, सासराही नाही; दोन थकलेले बाप बोलताहेत. समोर इफ्तेखार. एरवी हिंदी सिनेमात असा प्रसंग आला की वायोलिन आधी रडतात. इथे संजीवकुमार जवळजवळ व्यवहाराच्या सुरात बोलतो, आणि त्या व्यवहारामागे त्याच्या घरात कोण कोण मेलं हे आपल्याला आपोआप आठवतं. शेवटाचंही तसंच. मूळ कल्पनेत ठाकूर गब्बरला पायांनी ठार मारतो. सेन्सॉरच्या आग्रहावरून पोलीस मधे आले. म्हणजे ज्या क्षणासाठी नटानं तीन तास स्वतःला बांधून ठेवलं, तोच क्षण त्याच्याकडून काढून घेतला. तरी थांबवला गेलेला माणूस त्यानं चेहऱ्यावर दाखवला.

शंकेखोर : ठाकूर चांगला आहे, मी कुठे नाही म्हणालो? पण त्यातलं निम्मं श्रेय सलीम-जावेदच्या शालीला द्या. ती शाल वाऱ्यानं सरकते, तेव्हा कोणताही बरा नट आपल्याला हादरवेल. मी तुम्हाला दुसरीकडे नेतो, जिथे शाल नाही, विग नाही, कथेत चमत्कार नाही. राजिंदरसिंग बेदींचा ‘दस्तक’, 1970. हमीद नावाचा मुंबईतला कारकून नव्या नवरीला घेऊन एका खोलीत राहायला येतो. खोली आधी एका गाणाऱ्या बाईची होती, हे त्यांना माहीत नसतं. रात्री दारावर थापा पडू लागतात. मुंबईत भाड्यानं खोली मिळवणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हमीदची कोंडी वेगळी सांगावी लागत नाही. तो सोडून जाऊ शकत नाही, राहूही शकत नाही. बायकोवर प्रेम आहे, तिचा राग येतो, स्वतःची लाज वाटते, आणि हे तिन्ही तो एकाच चेहऱ्यावर ठेवतो. 32 वर्षांच्या नटानं साधारण आपल्याच वयाचा माणूस उभा केला. त्याला पहिलं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते याच कामासाठी.

दुसरं, बासू भट्टाचार्यांचा ‘अनुभव’, 1971. वर्तमानपत्राचा संपादक, कामात बुडालेला, घरात असूनही नसलेला. तिसरं, सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’, 1977. चौथं, ‘अंगूर’, 1982. या चारांत त्यानं उसनं वय घेतलेलं नाही. माझं म्हणणं इतकंच, की ज्या भूमिकांसाठी आपण त्याला मोठा म्हणतो त्या त्याच्या मोठेपणाच्या आड येतात. ‘अंगूर’मधले दोन अशोक पाहा. दोघांचा चेहरा एक, केस एक. एक अशोक संसाराला कावलेला गृहस्थ; दुसरा रहस्यकथा वाचून वाचून जगभर टोळीचा कट पाहणारा ब्रह्मचारी. नुसत्या बघण्याच्या पद्धतीवरून तुम्हाला कळतं आता कोणता समोर आहे. नऊ विगांनी जे साधलं नाही ते एका संशयी नजरेनं साधलं.

चाहता : ‘अंगूर’वर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे, कदाचित जास्त. पण तुम्ही सोयीनं ‘कोशिश’ वगळलात. दुसरं राष्ट्रीय पारितोषिक त्याचं. मुकं-बहिरं जोडपं. मूल झाल्यावर त्याला ऐकू येतं का हे पाहण्यासाठी बाप खुळखुळा वाजवतो, मूल वळत नाही, बाप हादरतो. मग डॉक्टर सांगतात की मूल ठणठणीत आहे, खुळखुळाच बिघडलेला आहे, त्यातून आवाजच येत नाही. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही त्याला हे कसं कळावं? पडद्यावर हा प्रसंग विनोदी आहे की भयंकर, हे ठरवता येत नाही, आणि संजीवकुमार ते ठरवू देत नाही. त्याच सिनेमाच्या शेवटी तो केस पिकलेला बाप आहे. मुलानं मुक्या-बहिऱ्या मुलीला नकार दिल्यावर जो संतापतो, तो संताप हातांतून आणि डोळ्यांतून येतो. तिथे वय काढून टाका. संतापाला वजन राहणार नाही. आयुष्यभर जे सोसलं ते मागे असल्याशिवाय तो हात उचलू शकत नाही.

तीच गोष्ट ‘आँधी’ची. हॉटेलचा मॅनेजर जे. के. आणि राजकारणात गेलेली त्याची बायको अनेक वर्षांनी भेटतात. सिनेमा 1975 च्या फेब्रुवारीत लागला, आणीबाणीत बंद पाडला गेला, त्यामुळे लोक त्यात इंदिरा गांधी शोधत राहिले. पण गुलजारांचा विषय गेलेला काळ हा आहे. कानशिलावरचे पांढरे केस हा तिथे मेकअप नाही, तो पटकथेचा भाग आहे. ‘मौसम’मध्ये पुन्हा तेच, पंचवीस वर्षांनी परतलेला डॉक्टर. गुलजारना असा नट हवा होता ज्याच्या अंगावर दोन काळ एकदम दिसतील. तुमचं ‘उसनं वय’ या सिनेमांत उसनं नाही.

(एक नोंद मधेच. 1976 च्या फिल्मफेअरमध्ये ‘दीवार’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पण सर्वोत्कृष्ट अभिनेत्याची बाहुली ‘आँधी’च्या संजीवकुमारला गेली. पुढच्या वर्षी ‘अर्जुन पंडित’साठी पुन्हा त्यालाच. संतप्त तरुणाच्या ऐन भरात बक्षीस नेत होता तो हा शांत बसणारा माणूस. पारितोषिकांवरून कुणाची थोरवी ठरत नसली, तरी त्या वेळच्या उद्योगाला त्याची किंमत कळत नव्हती असं म्हणण्याची सोय मात्र राहत नाही.)

शंकेखोर : ‘आँधी’पाशी तुम्ही मला अडवलंत, हे कबूल. आता मला असं वाटतं की आपण दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. वयावर. या सगळ्या कामांत तो नेमकं काय करतो? ‘आँधी’त ती बोलते, तो ऐकतो. ‘शोले’तल्या त्या प्रसंगात तो विचारतो आणि थांबतो. ‘सत्यकाम’मध्ये तो धर्मेंद्रचा मित्र आहे, आणि त्याच्या कानांनी आपण सत्यप्रियची गोष्ट ऐकतो. ‘नमकीन’मध्ये ट्रकवाला गेरूलाल एका म्हाताऱ्या बाईच्या आणि तिच्या तीन मुलींच्या घरात भाडेकरू म्हणून येतो, घरभर बायका बोलतात, तो पाहतो, ऐकतो. ‘कोशिश’ तर ऐकता न येणाऱ्या माणसाची गोष्ट, म्हणून तो डोळ्यांनी ऐकतो. हा ऐकणारा नट होता. आपल्याकडे हे दुर्मीळ. बहुतेक नट समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहत उभे असतात.

आणि हिंदी सिनेमाचा नायक ऐकत नाही. तो बोलतो, गातो, मारतो. ऐकायचं काम त्यानं वाटून दिलंय. बापाला, डॉक्टरला, मित्राला, इन्स्पेक्टरला. ऐकणाऱ्या नटाला नायक करून त्याचं काय करायचं, हे या उद्योगाला उमगलं नाही. म्हणून त्याला आधी म्हातारा केलं आणि मग ऐकू दिलं. तुम्ही ज्याला त्याची निवड म्हणता ती कदाचित या उद्योगाची एकुलती एक पळवाट होती.

चाहता : हे पटण्यासारखं आहे, म्हणूनच मी ते तपासून पाहतो. ‘शतरंज के खिलाडी’तला मिर्झा सज्जाद अली ऐकतो का? बायको डोकं दुखतंय म्हणून त्याला आत बोलावते. त्याचा जीव बाहेर पटावर. ती सोंगट्या पळवते, तर तो लिंबू-मिरच्या मांडून खेळायला बसतो. इंग्रज लखनौ गिळताहेत, त्याला ऐकू येत नाही. रायसारख्या दिग्दर्शकानं त्याला निवडला तो न ऐकणारा माणूस उभा करायला. ‘त्रिशूल’चा आर. के. गुप्ता तर कुणाचं काही ऐकून घ्यायला तयार नाही. त्याच हट्टापायी तो इंचाइंचानं हरत जातो. ‘पती, पत्नी और वो’मधला रणजीत बायकोसमोर ऐकल्याचं सोंग करतो आणि मनात पुढचं खोटं जुळवत असतो. तेव्हा ‘ऐकणारा नट’ ही चौकट सुंदर असली तरी तो तिच्यात पूर्ण मावत नाही.

शंकेखोर : न ऐकणं रंगवायला ऐकणं फार नीट कळावं लागतं. मिर्झाची गंमत हीच आहे की बायकोचं म्हणणं त्याच्या कानावर पडतं, ते आत जाताना दिसतं आणि मधेच कुठेतरी हरवतं. न ऐकणारा साधा नट ते पडतानाही दाखवणार नाही. पण ते राहू द्या. तुम्ही नकळत माझ्या हातात दुसरी गोष्ट दिलीत. मिर्झा, रणजीत, ‘अंगूर’चे दोन अशोक, ‘अनुभव’चा संपादक, हे सगळे मध्यमवयीन लोक खोटे आहेत, आळशी आहेत, घाबरट आहेत, खादाड आहेत, आपमतलबी आहेत, थोडक्यात, जिवंत आहेत. त्याचे म्हातारे पाहा. ठाकूर, जे. के., ‘मौसम’चे डॉक्टर गिल. सगळे भारदस्त. दुःखानं सोन्यासारखे झालेले. खरा म्हातारा असा असतो का? तो जेवायची वेळ टळली की चिडतो, पेपर कुणी आधी उलगडला म्हणून अबोला धरतो, औषधाचा हिशेब दहा वेळा करतो, शेजारच्या बाईकडे बघतो, रात्री दाराची कडी तीनदा तपासतो. ठाकूरनं सबंध सिनेमात स्वयंपाक झाला का, असं एकदाही विचारलेलं नाही. हे पस्तिशीच्या माणसाच्या कल्पनेतलं म्हातारपण आहे. आपल्याला आपले वडील असे असावेत असं वाटतं तसं.

चाहता : ठाकूरला स्वयंपाकाबद्दल विचारायला लावलं असतं तर रामगढ कोसळलं असतं! पण आक्षेप गंभीर आहे, टाळत नाही. त्याच्या म्हाताऱ्यांत क्षुद्रपणा नाही, हे खरं. तो कुणी ठेवला नाही, नटानं की लेखकानं? त्या काळात म्हातारा लिहायचा म्हणजे सुभाषित लिहायचं अशीच पद्धत होती. लागूंना हिंदीत काय मिळालं? ‘घरौंदा’सारखा एखादा अपवाद सोडला तर वकील, न्यायाधीश, सज्जन बाप. पण लागूंच्या हाताशी मराठी रंगभूमी होती; हिंदीत मन मारून काम केलं तरी इकडे नाटकात उट्टं काढता येत होतं. संजीवकुमारचं नाटक सिनेमात रुळल्यावर मागे पडलं. जे करायचं ते कॅमेऱ्यासमोरच, आणि तिथे जे लिहून येईल तेच.

शिवाय लोक त्याच्या म्हातारपणाकडे पाहतात ते त्याच्या मरणातून. 6 नोव्हेंबर 1985 ला तो गेला, 47 व्या वर्षी. घराण्यात हृदयविकार, अमेरिकेत बायपास झालेली. मग कथा तयार झाली की आपण म्हातारे होणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं पडद्यावर म्हातारपण जगून घेतलं.

शंकेखोर : ही कथा मला अजिबात सहन होत नाही. 22 व्या वर्षी ‘ऑल माय सन्स’ करणाऱ्या पोरानं मृत्यूची चाहूल लागून दाढी लावली होती का? त्याला ती भूमिका मिळाली, जमली, लोकांनी वाहवा केली, आणि मग तीच पुन्हा पुन्हा मिळत गेली. नटांचं आयुष्य बहुधा असंच घडतं. त्यात नियती घातली की आपण त्याचं काम पाहायचं थांबवतो. शिवाय त्याच कथेत बसत नाही अशी एक गोष्ट आहे. के. आसिफचा ‘लव्ह अँड गॉड’. 1963 मध्ये गुरुदत्तला घेऊन सुरू झाला. 1964 मध्ये गुरुदत्त गेला. मग संजीवकुमारला घेऊन पुन्हा सुरू. 1971 मध्ये आसिफ गेला. तो अर्धवट सिनेमा 1986 मध्ये कसाबसा लागला. म्हणजे संजीवकुमार गेल्यानंतर प्रेक्षकांना तो दिसला मजनू म्हणून, तरुण. कथेच्या सोयीनं हे कुणी सांगत नाही.

आणि शेवटच्या काही वर्षांबद्दलही थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. ‘सिलसिला’, ‘विधाता’, ‘हीरो’. चांगली नावं, पण त्यांत तो आपल्याच जुन्या भांडवलावर जगतोय. ‘हीरो’च्या पोलीस कमिशनरमध्ये ठाकूरच्या इस्त्रीच्या घड्या दिसतात. त्याच काळात, 1982 मध्ये, गुलजारांचे ‘अंगूर’ आणि ‘नमकीन’ आहेत म्हणून आपण ते विसरतो. गुलजार नसते तर आपण ही चर्चा करत असतो का?

चाहता : ‘दस्तक’ गुलजारांचा नाही, ‘शतरंज’ही नाही, ‘शोले’ तर नाहीच. पण ‘विधाता’बद्दल मी भांडणार नाही. आजारी माणूस भराभर कामं घेतो, ती सगळीच चांगली नसतात.

मला तुमचा तो क्षुद्रपणाचा मुद्दा अजून सतावतोय. तुम्ही म्हणता त्याचे म्हातारे फार उदात्त. मग मला सत्तरच्या दशकातला एक हिंदी म्हातारा दाखवा जो तुम्हाला हवा तसा चिडका, खुळा, कडी तीनदा तपासणारा आहे.

शंकेखोर : ‘गोलमाल’मधला उत्पल दत्त. 1979. भवानीशंकर. मिशीवर श्रद्धा ठेवणारा, मिशी नसलेल्याला नोकरी नाकारणारा, बहिणीला घाबरणारा, आपण फसवले जातोय या संशयानं पोखरलेला. शंभर टक्के माणूस.

चाहता : उत्पल दत्त तेव्हा पन्नाशीला आला होता. आणि तो सिनेमा विनोदी. म्हणजे म्हातारा क्षुद्र दाखवायचा तर विनोदात, गंभीर सिनेमात त्यानं थोरच असायचं. ही विभागणी संजीवकुमारनं केलेली नाही. आता असं समजा, हृषीकेश मुखर्जींनी भवानीशंकर संजीवकुमारला दिला असता. 41 वर्षांचा होता तो. ‘पती, पत्नी और वो’ नुकताच केलेला, ‘अंगूर’ पुढे यायचा.

शंकेखोर : उत्तम केला असता. हीच तर माझ्या युक्तिवादाची पंचाईत आहे. मला एवढंच सांगता येत नाही की त्यानं आधी त्या माणसाची भीती शोधली असती की आधी मिशी निवडली असती.

चाहता : मिशी निवडता निवडता भीती सापडली असती. नाटकातून आलेले नट तसंच करतात. तुम्हाला तो क्रम उलटा वाटतो, मला वाटत नाही.

शंकेखोर : ‘नया दिन नई रात’मध्ये नऊ मिशा-दाढ्या होत्या. तिथे का नाही सापडली?